‘वायफाय दिसतच नाही’ म्हणण्याआधी : लिनक्स सुरू होताना हार्डवेअर कसं ओळखतं आणि ते आपण कसं वाचायचं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून आमच्या इंदूरच्या ओळखीपाळखीत ‘जुन्या मशीनवर लिनक्स टाकून द्या हो’ म्हणणारे वाढले. त्यात भंवरकुआंला खोली घेऊन परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं आहेत, सुदामानगरातले निवृत्त काका आहेत, एखाददुसरं वाचनालयही आहे. लिनक्स अर्ध्या तासात बसतं. मग संध्याकाळी फोन येतो: वायफाय दिसत नाही, आवाज येत नाही, दुसरी डिस्क गायब आहे. यावर सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे जेल रोडवर जाऊन नवीन डोंगल आणणं. तो कधी लागू पडतो, कधी नाही.

खरं तर कॉम्प्युटर सुरू होताना त्याला काय सापडलं, काय सापडलं नाही आणि कुठे अडलं, हे सगळं तो स्वतःच लिहून ठेवतो. ते वाचता आलं की निम्मी धावपळ वाचते. एवढंच धरून चला की कुठलंही यंत्र वापरात येण्याआधी चार पायऱ्या चढतं: बायोसला (बोर्डावरच्या, मशीन जागं करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) दिसणं, बसवर (यंत्रं जोडणाऱ्या वाटेवर) सापडणं, ड्रायव्हर (यंत्र चालवणारा प्रोग्रॅम) लागणं आणि शेवटी आपल्या हातात येणं. ते कुठल्या पायरीवर अडलंय हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

काय काय जवळ ठेवायचं

- उबुंटू, मिंट किंवा डेबियनचा लाइव्ह पेनड्राइव्ह (डिस्कवर न टाकताच लिनक्स चालवून बघायचा), निदान ८ जीबीचा
- वायरवाला कीबोर्ड. ब्लूटूथचा कीबोर्ड बायोसमध्ये बहुधा चालत नाही
- स्क्रीनचे फोटो काढायला आणि वेळ पडली तर यूएसबी टेदरिंगने इंटरनेट द्यायला मोबाइल
- डेस्कटॉप असेल तर स्क्रू ड्रायव्हर, एक जादा साटा (डिस्क जोडायची) केबल, बोर्डावरचा सीआर२०३२ सेल आणि खोडरबर
- मशीनचा मॉडेल नंबर, ॲडमिनचा पासवर्ड, आणि वॉरंटी असेल तर बिल

खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा द्यायच्या खिडकीत, त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायच्या. सगळ्यात जास्त लागणारी, सुरू होतानाच्या नोंदी दाखवणारी ‘डीमेसेज’ ही डी-एम-ई-एस-जी अशी पाच अक्षरांची आहे आणि ॲडमिनच्या हक्काने ती चालवायला आधी लागणारं ‘सुडो’ म्हणजे एस-यू-डी-ओ.

१. आधी बायोसमध्ये डोकवा

मशीन चालू करताच एफ२ किंवा डिलीट दाबत राहा. एचपीवर बहुधा एफ१० असतं, लेनोवोच्या डेस्कटॉपवर एफ१. लिनक्स जागं व्हायच्या आधी बोर्डावरचं फर्मवेअर, म्हणजे बायोसच, प्रोसेसर, रॅम आणि डिस्क तपासतं. त्याला काय मिळालं ते इथे दिसतं. रॅम कमी दिसत असेल किंवा डिस्कचं नावच नसेल, तर पुढे लिनक्सची कुठलीही आज्ञा तिला प्रकट करणार नाही. मशीन बंद करा, प्लग काढा, रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसा आणि ती पुन्हा घट्ट बसवा. आपल्याकडे उन्हाळाभर धूळ आणि मागोमाग पावसाळी दमट हवा, त्यामुळे एवढ्यानेही काम होऊन जातं.

इथला मोठा सापळा म्हणजे डिस्कचा मोड. बऱ्याच लॅपटॉपवर साटा मोड ‘रेड’ किंवा इंटेलच्या ‘आरएसटी’वर ठेवलेला असतो. तेव्हा बायोसला एनव्हीएमई (नव्या, वेगवान प्रकारची) डिस्क व्यवस्थित दिसते आणि लिनक्सच्या इन्स्टॉलरला मात्र काहीच दिसत नाही. मोड ‘एएचसीआय’ केला की ती दिसायला लागते. पण त्याच डिस्कवर विंडोज राखायचं असेल तर घाईने हा बदल करू नका. विंडोजची आधी तयारी केली नसेल तर ते सुरूच होत नाही, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की मागत बसतं. आधी डेटाची कॉपी, मग मोड.

प्रत्येक वेळी तारीख मागे गेलेली दिसली तर सेल संपलाय. सेल संपल्यावर बायोसच्या सेटिंग मूळ पदावर जातात आणि त्यात हा डिस्कचा मोडही आला. ‘काल चालत होतं, आज डिस्क नाही’ याचं कारण कधीकधी एवढंच असतं.

२. लोगोचा पडदा बाजूला करा

सुरू होताना उबुंटू किंवा मिंट फक्त लोगो दाखवतं. त्यामागे ओळी धावत असतात. एस्केप दाबलं तर बहुधा त्या दिसतात. मशीन मध्येच अडकून बसत असेल तर ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्यातले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द खोडा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच राहतो. जिथे गाडी थांबते तिथल्या शेवटच्या आठ-दहा ओळींचा फोटो काढा. फक्त सगळ्यात शेवटच्या ओळीला दोष देऊ नका. यंत्रं तपासण्याची कामं एकाच वेळी चालू असतात, त्यामुळे अडलेलं काम बऱ्याचदा दोन-चार ओळी वर असतं.

३. डीमेसेज सुरुवातीपासून वाचा

मशीन सुरू झालं असेल तर टर्मिनल उघडून ‘सुडो डीमेसेज’ म्हणा. आधी सुडो लागत नसे; उबुंटूने २०.१० पासून ही माहिती साध्या वापरकर्त्यासाठी बंद केली. हजारभर ओळी पाहून गांगरू नका. ‘सुडो डीमेसेज’पुढे उभी रेघ आणि मग ‘लेस’ लिहिलं की पानापानाने वाचता येतं.

प्रत्येक ओळीच्या आधी चौकटी कंसात आकडा असतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू झाल्यापासून किती सेकंद झाले, ते तो सांगतो. पहिल्याच ओळीत कर्नलची आवृत्ती, तिच्या जवळच बूट करताना दिलेले शब्द, मग मेमरीचा नकाशा. थोडं खाली ‘डीएमआय’ने सुरू होणारी ओळ असते, तिच्यात बोर्डाचा मॉडेल नंबर आणि बायोसची तारीख मिळते. मॉडेल नंबरसाठी लॅपटॉप उलटा करून झिजलेलं स्टिकर वाचत बसण्यापेक्षा हे बरं.

मग एसीपीआयचे तक्ते येतात. बोर्डावर कायम बसवलेल्या वस्तूंची यादी फर्मवेअर कर्नलच्या हातात देतं, ती हीच. त्यानंतर पीसीआय बस, म्हणजे आतली कार्डं जोडणारी वाट. इथे कर्नल वर्गातल्या बाईंसारखं हजेरी घेतं: बस अमुक, जागा अमुक, कोणी आहे का? एका बसवर ३२ जागा आणि प्रत्येक जागेवर जास्तीत जास्त ८ कामं असू शकतात. जागा रिकामी असेल तर उत्तरात सगळे बिट १ येतात आणि कर्नल पुढे जातं. कोणी असेल तर ते आपला १६ बिटांचा कंपनी क्रमांक आणि तेवढाच यंत्र क्रमांक सांगतं. इंटेलचा कंपनी क्रमांक आहे ८०८६. कंपनीने आपल्या जुन्या प्रोसेसरचाच आकडा घेऊन ठेवलाय!

रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डांवर बऱ्याचशा वस्तू अशी हाक मारून सापडत नाहीत. तिथे ‘डिव्हाइस ट्री’ नावाची यादी आधीच लिहून कर्नलला दिलेली असते, आणि यादीत जे नाही ते कर्नलच्या लेखी नाहीच. रास्पबेरी पायवर सेन्सर जोडून तो दिसला नाही तर आधी कॉन्फिग फाइल बघा.

फक्त तक्रारी वाचायच्या असतील तर ‘सुडो डीमेसेज’पुढे दोन हायफन आणि ‘लेव्हल=एरर,वॉर्न’. टाइप करताना एरर हा शब्द ई-आर-आर आणि वॉर्न डब्ल्यू-ए-आर-एन असा. डीमेसेजची जागा मर्यादित असते आणि ती भरली की जुन्या ओळी पुसल्या जातात. म्हणून मशीन दोन दिवस चालू असेल तर ‘सुडो जर्नलसीटीएल हायफन के हायफन बी’ ही आज्ञा द्या. मागच्या खेपेला काय झालं ते हवं असेल तर शेवटी हायफन एक जोडा. मशीन अचानक बंद पडत असेल तेव्हा हीच कामी येते.

४. बसवर कोण हजर आहे?

आता नेमकं यंत्र शोधू. आतल्या कार्डांसाठी ‘एलएसपीसीआय हायफन एनएनके’, यूएसबीसाठी ‘एलएसयूएसबी’, आणि कुठलं यंत्र कुठल्या हबवर किती वेगाने बसलंय ते बघायला ‘एलएसयूएसबी हायफन टी’.

पहिल्या आज्ञेच्या उत्तरात प्रत्येक यंत्राच्या नावापुढे चौकटी कंसात क्रमांकांची जोडी दिसेल. कागदावर लिहून घ्यायची ती जोडी. खोक्यावरच्या नावावर विसंबू नका. एकाच नावाच्या डोंगलमध्ये कंपनी दर सहा महिन्यांनी वेगळी चिप घालू शकते आणि ड्रायव्हर चिपवर ठरतो.

यादीत वायफाय कार्डाचं नावच नसेल तर अडचण दुसऱ्या पायरीवर आहे. म्हणजे कार्ड सैल आहे, मेलंय किंवा बायोसमधून बंद केलंय. ड्रायव्हर शोधत बसण्यात अर्थ नाही. नाव असेल तर त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ आहे का बघा. ती असेल तर चौथ्या पायरीवर शोधा, नसेल तर तिसऱ्या. ओपनबीएसडी या वेगळ्या प्रणालीवर काम करणाऱ्यांना हीच गोष्ट ‘नॉट कॉन्फिगर्ड’ अशा शब्दांत वाचायला मिळते: यंत्र दिसलं, पण त्याला ड्रायव्हर मिळाला नाही. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरचा कोड २८ जवळपास तेच सांगतो.

५. ड्रायव्हर आहे, पण फर्मवेअर?

यंत्र सापडलं की कर्नल त्याच्या क्रमांकांपासून ‘मोडॲलियास’ नावाची एक ओळ तयार करतं. यूडेव्ह हा प्रोग्रॅम ती ओळ मॉड्यूलांच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइलींच्या, यादीशी ताडून पाहतं आणि जुळलेलं मॉड्यूल चढवतं. म्हणूनच लिनक्सवर बऱ्याच यंत्रांसाठी सीडी-बिडी लागत नाही.

पण वायफायच्या चिपला स्वतःचंही थोडं सॉफ्टवेअर (त्यालाही फर्मवेअरच म्हणतात) लागतं आणि ते दर वेळी सुरू होताना बाहेरून भरावं लागतं. ती फाइल डिस्कवर नसेल तर डीमेसेजमध्ये ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ने सुरू होणारी आणि ‘एरर वजा २’ने संपणारी ओळ दिसते. वजा २ म्हणजे फाइलच नाही. एकापाठोपाठ अशा तीन-चार ओळी येऊन नंतर ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ आलं असेल तर काळजी नको. ड्रायव्हरने आधी नवी आवृत्ती मागून पाहिली, मिळाली नाही, मग जुनी घेतली. शेवटपर्यंत नकारच असेल तर मोबाइलच्या टेदरिंगवरून फर्मवेअरचं पॅकेज टाका. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, नेहमीच्या इन्स्टॉलरमध्येच हे फर्मवेअर असतं. त्याआधीच्या पेनड्राइव्हवरून टाकत असाल तर तो आता बदला.

ड्रायव्हर लागलाय, फर्मवेअर चढलंय, तरी वायफाय नाही? वायरलेस कोणी बंद करून ठेवलंय का ते बघायला ‘आरएफकिल लिस्ट’ म्हणा. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ दिसलं तर लॅपटॉपच्या कडेला एखादं बटण किंवा एफएनवाली की आहे, ती दाबा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’. आणि ग्राफिक्स किंवा वायफायचा ड्रायव्हर तुम्ही बाहेरून आणून बसवला असेल तर सिक्युअर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी बायोसमधली सोय) त्याला सही नसल्यामुळे दारातच अडवू शकतं, हे ध्यानात ठेवा.

६. यूएसबीच्या ओळी

नवशिक्याने वाचायला शिकावं ते इथे, कारण काढा-घाला करून लगेच पाहता येतं. ‘सुडो डीमेसेज हायफन डब्ल्यू’ चालू ठेवा. डब्ल्यू लहान. आता यंत्र जोडा. सगळं ठीक असेल तर असं काहीसं येतं:

यूएसबी १-३: न्यू हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर ४

‘१-३’ म्हणजे पहिल्या बसचा तिसरा पोर्ट. ही जागा पक्की. शेवटचा ४ हा त्याला दिलेला तात्पुरता पत्ता. काढून पुन्हा लावलं की ५ होईल. नवं आलेलं प्रत्येक यंत्र आधी शून्य पत्त्यावर बोलतं, मग त्याला १ ते १२७ मधला पत्ता मिळतो. पुढच्या ओळींत ते आपले दोन्ही क्रमांक, कंपनी आणि नाव सांगतं.

बिघाड असेल तर ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ आणि मागे ‘एरर वजा ७१’ किंवा ‘वजा ११०’, आणि शेवटी ‘अनेबल टू एन्युमरेट’. वजा ७१ म्हणजे बोलणं झालं पण बिघडलेलं आलं, वजा ११० म्हणजे वाट पाहून उत्तरच नाही. दोन्हींत ड्रायव्हरचा दोष क्वचितच असतो. केबल बदला. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टांकडे आतून बारीक वायर गेलेली असते, म्हणून मागच्या पोर्टात लावून बघा. यूएसबी २ च्या पोर्टकडून यंत्राने ५०० मिलिॲम्पियरपर्यंतच मागायचं असतं. बाहेरची हार्ड डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त ओढते आणि मग कट-कट आवाज करत पुन्हापुन्हा जोडली जाते. तिला स्वतःचा अडॅप्टर असलेला हब द्या.

स्वस्त वायफाय डोंगलची एक गंमत ठाऊक असू द्या. रिअलटेक चिपचे काही डोंगल जोडल्यावर आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सांगतात, कारण त्यांच्यात विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. लिनक्समध्ये डेस्कटॉपवर सीडीचं चित्र येतं आणि वायफाय काही येत नाही. ती सीडी ‘इजेक्ट’ करा किंवा ‘यूएसबी मोडस्विच’ टाका. डोंगल मग निघून गेल्यासारखा होतो आणि वेगळ्या क्रमांकाने परत येतो. आता नव्या क्रमांकाचा ड्रायव्हर शोधायचा.

७. डिस्कच्या ओळी

डीमेसेजमध्ये ‘एटीए’ शोधा. ‘साटा लिंक अप ६.० जीबीपीएस’ आणि कंसात एसस्टेटस १३३. मधला अंक वेग सांगतो: ३ म्हणजे ६ जीबीपीएस, २ म्हणजे ३, आणि १ म्हणजे दीड. ‘लिंक डाउन’ आणि एसस्टेटस ० पाहून घाबरू नका. बोर्डावर चार-सहा पोर्ट असतात आणि तुमची डिस्क एकच असते.

माझ्याकडे आलेल्या एका वाचनालयाच्या मशीनचं उदाहरण घ्या. पुस्तकांची नोंद उघडायला मिनिटभर लागायचं आणि हार्ड डिस्क गेली असं सांगून दुकानदार मोकळा झाला होता. डीमेसेजमध्ये सुरुवातीला लिंक ६.० वर होती. मग ‘फेल्ड कमांड’च्या ओळी, ‘लिमिटिंग साटा लिंक स्पीड टू ३.०’, पुन्हा तेच, आणि शेवटी १.५. डिस्क मरताना वाईट सेक्टरच्या तक्रारी येतात, त्या इथे नव्हत्या. डिस्कची तब्येत सांगणारी ‘सुडो स्मार्टसीटीएल हायफन ए’ लावून पाहिलं तर १९९ क्रमांकाची, सीआरसी चुकांची (डेटा वाटेत बिघडल्याची) नोंद वाढत होती. ही नोंद डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेची असते. साटा केबल बदलली आणि लिंक ६.० वर टिकली. डिस्क तीच.

‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही डिस्कची नावं जो आधी सापडेल त्याला मिळतात. आज एसडीबी असलेली डिस्क उद्या पेनड्राइव्ह लावून सुरू केल्यावर एसडीसी होऊ शकते. एफस्टॅब फाइलमध्ये (सुरू होताना काय काय जोडायचं त्याची यादी) नेहमी यूयूआयडी, म्हणजे नावासारखा न बदलणारा ओळख क्रमांक, लिहा, आणि डिस्क पुसणारी कुठलीही आज्ञा देण्याआधी डिस्कची यादी दाखवणारी ‘एलएसबीएलके’ लावून आकारमान तपासा.

८. ज्या ओळींनी झोप उडवायची नाही

‘एसीपीआय बायोस एरर’ लाल अक्षरांत दिसतं. बोर्ड बनवणाऱ्याने तक्ते ढिसाळ लिहिल्याची ती तक्रार असते आणि बहुतेक वेळा तिने काही अडत नाही. ८ जीबी रॅममधली थोडी कमी दिसते, कारण ग्राफिक्स आणि फर्मवेअर आपला वाटा आधीच काढून घेतात. निम्मी दिसली तर मात्र पहिल्या पायरीवर परत जा. बोर्डाची माहिती दाखवणाऱ्या ‘डीएमआयडीकोड’मध्ये ‘टू बी फिल्ड बाय ओईएम’ दिसलं तर कारखान्यात कोणीतरी ती जागा भरायचं विसरलंय, बाकी काही नाही.

९. सेकंड-हँड घेताना आणि मदत मागताना

आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये किंवा आणखी कुठेही जुनं मशीन घ्यायला निघालात तर लाइव्ह पेनड्राइव्ह खिशात ठेवा. ‘चल रहा है भैया, एकदम मस्त’ हे ऐकून घ्या आणि मग हसतमुखाने म्हणा, ‘एक बार इससे चला के देख लूँ?’ चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. एलएसपीसीआय, एलएसयूएसबी, डीमेसेजच्या एरर, आणि स्मार्टसीटीएलमध्ये डिस्क किती तास चाललीय. चहा येईपर्यंत होतं.

इथे एक सापळा आहे: कर्नल तेच सांगतं जे यंत्र स्वतःबद्दल सांगतं. बनावट पेनड्राइव्ह स्वतःला ५१२ जीबी म्हणवतो आणि डीमेसेजही तेच छापतं. शंका असेल तर ‘एफ३’ नावाचं साधन भरून-वाचून खरी जागा मोजतं. त्याला वेळ लागतो, त्यामुळे ते घरी येऊन पण परत करायची मुदत संपायच्या आत करा.

कोणाला विचारायचं असेल तर ‘साउंड येत नाही, काय करू’ एवढंच पाठवू नका. डीमेसेज आणि एलएसपीसीआयचं उत्तर मजकुराच्या फाइलमध्ये साठवा. आज्ञेपुढे ‘पेक्षा मोठे’चं चिन्ह आणि फाइलचं नाव लिहिलं की झालं. सोबत कर्नलची आवृत्ती, म्हणजे ‘यूनेम हायफन आर’चं उत्तर, आणि यंत्र कुठल्या पायरीपर्यंत आलंय ते एका ओळीत. पाठवण्याआधी सीरियल नंबर आणि नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता खोडा, बाकीचं राहू द्या. पुष्कळ जण आपल्याला ‘महत्त्वाच्या’ वाटलेल्या पाचच ओळी पाठवतात आणि कारण नेमकं त्यांच्या आधीच्या ओळीत असतं.